नागपुरात स्वयंसेवकांच्या बळावर गॅलरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कला महाविद्यालयातून नुकते बाहेर पडलेले, अजून एकही स्वतंत्र प्रदर्शन न झालेले कलाकार आणि त्यांच्यासाठी पगार न घेता चार भिंती सांभाळायला तयार असलेले लोक, या दोघांसाठी हे पान आहे. गॅलरी म्हणजे इथे साधारण ४०० ते ६०० चौरस फुटांची एक-दोन खोल्यांची जागा धरली आहे.

भाड्याने हॉल मिळतात. मग वेगळी गॅलरी कशाला?

हॉल फक्त भिंत देतो. भाडं कलाकार भरतो, फ्रेमा तोच वाहून आणतो, दिवसभर खुर्चीवर तोच बसतो आणि तीन-चार दिवसांत सगळं गुंडाळतो. प्रदर्शनाची बातमी चार लोकांच्या कानावर जाईपर्यंत प्रदर्शन उतरलेलं असतं. गॅलरीत कामाची निवड होते, मांडणीवर चर्चा होते, लाइट कामाप्रमाणे फिरवले जातात, कामाबद्दल कुणीतरी नीट लिहितं आणि तीन आठवडे दार उघडं राहतं. नवोदिताला भाड्याच्या भिंतीपेक्षा या गोष्टींची गरज जास्त असते.

वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. सैयद हैदर रझा मुंबईला जाण्याआधी नागपूरच्या कलाशाळेत शिकले. मुंबईची ओढ आजही तशीच आहे आणि ती वाईट नाही. पण मुंबईच्या नावाजलेल्या गॅलरीत तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. पहिलं प्रदर्शन आपल्या शहरात, आपल्या माणसांसमोर झालं, तर तो थांबण्याचा काळ वाया जात नाही.

किती स्वयंसेवक लागतात?

आधी हिशेब मांडा, मग उत्साह. समजा गॅलरी गुरुवार ते रविवार, संध्याकाळी ५ ते ८.३० उघडी आहे आणि प्रदर्शन तीन आठवड्यांचं आहे. म्हणजे १२ दिवस. रोज दोघं, तर २४ पाळ्या. एका माणसाने प्रत्येक प्रदर्शनाला दोनच पाळ्या घ्यायच्या असं ठरवलं, तर १२ माणसं. परीक्षा, लग्नं, आजारपण धरून यादीत १६ ते १८ नावं हवीत. शिवाय कामं चढवायला आणि उतरवायला प्रत्येकी एक पूर्ण दिवस, चार-पाच जण.

पाळीवर कधीही एकटं कुणाला बसवू नका. रात्री कुलूप लावताना दोघं असावेत आणि दोघांनी मिळूनच निघावं. आठवड्यातून दोनापेक्षा जास्त पाळ्या कुणी आनंदाने मागत असेल तरी देऊ नका. जो माणूस पहिल्या तीन महिन्यांत सगळं अंगावर घेतो तो सहाव्या महिन्यात फोन उचलत नाही, आणि तेव्हा किल्ल्या, पासवर्ड, सुताराचा नंबर सगळं त्याच्याकडेच असतं. किल्लीचे तीन जुडगे तीन घरी ठेवा. एका जाड वहीत सगळ्या गोष्टी लिहून ठेवा: मेन स्विच कुठे, पाण्याची मोटर कोणती, कोणत्या स्पॉटलाइटचा होल्डर सैल आहे. ही वही गॅलरीतच राहिली पाहिजे.

जागा बघताना काय पाहायचं?

तळमजला असावा. चौथ्या मजल्यावरची स्वस्त जागा महाग पडते, कारण पाच फुटी कॅनव्हास जिन्याच्या वळणावर अडकतो आणि लिफ्टमध्ये मावत नाही. जागा बघायला जाताना सहा फूट बाय चार फुटांचा पुठ्ठा सोबत न्या आणि रस्त्यापासून भिंतीपर्यंत फिरवून पाहा. छताची उंची १० फुटांपेक्षा कमी नको.

पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते. हात लावून बघा. त्या भिंतीवर थेट काम टांगायचं नाही, पुढे प्लायचं पॅनेल उभारायचं. महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत भिंती जाड आणि जागा देखणी असते, पण माती-चुन्याच्या गिलाव्यात गिट्टी (स्क्रू पकडण्यासाठी भोकात ठोकायची खुंटी) धरत नाही, स्क्रू फिरतो आणि मुठीएवढा गिलावा हातात येतो. तिथे दोन बाय दोनच्या लाकडी चौकटीवर १२ मिलिमीटरचा प्लाय ठोकून खोटी भिंत करावी आणि मागे हवा खेळायला दोन इंच जागा सोडावी. नव्या इमारतींत हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांना साधी गिट्टी चालत नाही, त्या ब्लॉकसाठी वेगळे अँकर मिळतात.

घरमालकाशी बोलताना तीन गोष्टी कागदावर घ्या: भिंतींना भोकं पाडण्याची परवानगी, वीजजोडणी कोणत्या वर्गाची आहे (घरगुती की व्यावसायिक) आणि पावसाळ्यात गळती झाली तर दुरुस्ती कोण करणार. किमान ३३ महिन्यांचा करार असेल तरच पॅनेलवर खर्च करा.

नोंदणी करावीच लागते का?

पहिलं प्रदर्शन मित्रमंडळी म्हणून करता येतं. पण पैसे कुणाच्या तरी खासगी खात्यात जमा होऊ लागले की तीन महिन्यांत कटकट सुरू होते. ज्याचं खातं त्याच्या उत्पन्नात ते दिसतं आणि बाकीच्यांच्या मनात शंका येते.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था काढायला किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावी लागते. हे काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतं आणि ते कार्यालय नागपुरात आहे. सात माणसं जमत नसतील तर विश्वस्त संस्था किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी हे पर्याय आहेत. कंपनीचा वार्षिक कागदोपत्री खर्च मात्र जास्त.

सगळ्यात जास्त ठिकाणी गाडं अडतं ते फेरफार अर्जावर. कार्यकारिणीतला एक माणूस बदलला तरी ९० दिवसांत तो बदल धर्मादाय कार्यालयात कळवायचा असतो. पहिली दोन वर्षं कुणी लक्ष देत नाही. मग बँक सह्या बदलायला नकार देते किंवा एखादी कंपनी देणगी द्यायला तयार होते आणि अद्ययावत विश्वस्तांची यादी मागते. तेव्हा मागचे तीन बदल एकदम मंजूर करून घेताना वर्ष जातं. सभा झाली की त्याच आठवड्यात अर्ज.

पैसा कुठून येतो?

मोठ्या देणगीदारावर उभी राहिलेली गॅलरी त्याच्या मर्जीवर चालते. ५०० रुपये महिना देणारे ४० लोक जमले तर महिन्याला २०,००० रुपये होतात आणि त्यातले पाच गळाले तरी दार बंद होत नाही. यासोबत विक्रीवरचं कमिशन, शनिवारच्या कार्यशाळा, प्रिंट आणि पोस्टकार्डांची विक्री. देणग्या बँकेतून किंवा यूपीआयने घ्या. करसवलतीसाठी २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, हे देणगीदाराला पावती फाडण्याआधीच सांगा.

परदेशातले नातेवाईक पैसे पाठवू इच्छितात. घ्यावेत?

ते भारतीय पासपोर्टधारक असतील तर त्यांची देणगी परदेशी धरली जात नाही, पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावा. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर परदेशी देणगी नियमन कायद्याची नोंदणी किंवा परवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

कलाकारांची निवड कशी करायची?

वर्षातून दोनदा खुलं आवाहन. मागायचं एवढंच: गेल्या दोन वर्षांतल्या १० कामांचे फोटो, प्रत्येकाचं माध्यम, माप आणि साल, आणि मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत १५० शब्द. फॉर्म मोबाइलवर भरता आला पाहिजे. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटातल्या मुलाकडे लॅपटॉप असेलच असं धरून चालू नका.

फोटो वाईट आले म्हणून चांगलं काम बाद होणं हे सर्रास घडतं. आवाहनातच लिहा: काम सावलीत, उघड्यावर, सकाळी ८ ते १० दरम्यान भिंतीला टेकवा, कॅमेरा कामाच्या मधोमध धरा, फ्लॅश नको, काच काढून घ्या.

निवड समितीत तीन जण असावेत, त्यातला एक कलाकार नसलेला पण कला बघणारा. दरवर्षी एक बदलावा. पहिल्या फेरीत नाव आणि कॉलेज झाकून ठेवा. ज्यांना नकार द्यायचा त्यांनाही दोन ओळींचं खरं कारण कळवा. "१० पैकी ३ कामं एका मालिकेची वाटतात, ती पुढे न्या, मग पुन्हा पाठवा" एवढं लिहिलं तरी तो मुलगा पुढच्या वेळी जास्त चांगलं काम घेऊन येतो.

गॅलरीतला स्वयंसेवक स्वतः कलाकार असेल तर त्याला प्रदर्शन देता येतं का?

ज्या वर्षी तो निवड समितीवर आहे त्या वर्षी नाही. समिती सोडल्यावर एक वर्षाने, इतरांसारखाच अर्ज करून.

कलाकाराकडून शुल्क घ्यावं का?

नाही. अर्जाचंही नाही, भिंतीचंही नाही. पैसे घेतले की निवड आपोआप पैसे असलेल्यांची होते. परवडत असेल तर उलट कलाकाराला फ्रेम आणि वाहतुकीसाठी ठरावीक रक्कम द्या, आणि ती उद्घाटनाआधी द्या. फ्रेमवाला उधारीवर काम करत नाही.

करारपत्रात काय असावं?

दोन पानं पुरतात. कामांची यादी मापांसह, प्रत्येकाची किंमत, कमिशनचा टक्का, आणण्याची आणि नेण्याची तारीख, येण्या-जाण्याचा खर्च कोणाचा, नुकसान झालं तर भरपाई कशी, फोटो कुठे वापरणार, विक्रीचे पैसे किती दिवसांत देणार. "नंतर बघू" हा शब्द कुठेही नको.

कराराइतकीच महत्त्वाची आहे आवक नोंद. काम आलं की कलाकारासमोरच उघडा. पुढचा पूर्ण फोटो, चारही कोपरे जवळून, मागची बाजू. आधीचा ओरखडा असेल तर त्याशेजारी पट्टी धरून फोटो. दोघांच्या सह्या. नेताना हेच पुन्हा. दहा कामांना तासभर लागतो आणि हा तास वाचवण्याचा मोह फार होतो, कारण त्या दिवशी सगळ्यांना भिंतीवर काम बघायची घाई असते. पण कोपऱ्यातला टवका टेम्पोत उडाला की गॅलरीत, हे नंतर देवालाही सांगता येत नाही.

नवोदिताने किंमत कशी ठरवावी?

उंची आणि रुंदी इंचांत मोजून त्यांची बेरीज करा आणि एका दराने गुणा. दर २०० रुपये धरला तर २४ बाय ३६ इंचांचं काम ६० गुणिले २०० म्हणजे १२,००० रुपये. १२ बाय १८ चं काम ३० गुणिले २०० म्हणजे ६,०००. क्षेत्रफळाने मोजलं असतं तर याच छोट्या कामाला ३,००० मिळाले असते, आणि त्यातली बरीचशी रक्कम फ्रेमच खाते. म्हणून सुरुवातीला बेरीज बरी. कागदावरच्या कामाला वेगळा, कमी दर. शिल्पाला हे सूत्र लागत नाही. तिथे ओतकाम, साहित्य आणि दिवस मोजावेत.

एका मालिकेतल्या सारख्या मापाच्या कामांना सारखी किंमत ठेवा. "हे माझं आवडतं आहे" म्हणून दुप्पट लावली की घेणारा बाकीच्यांकडे संशयाने पाहतो. आवडतं काम विकायचं नसेल तर तसं लिहा. आणि आज लावलेली किंमत पुढे खाली आणता येत नाही, हे कलाकाराला शांतपणे समजावून सांगा.

कमिशन किती आणि विक्री कशी?

व्यावसायिक गॅलऱ्या साधारण निम्म्यापर्यंत घेतात. स्वयंसेवकांच्या गॅलरीला २० टक्के पुरेत. १२,००० च्या कामावर गॅलरीला २,४००, कलाकाराला ९,६००. फ्रेमचा खर्च कलाकाराने केला असेल तर तो आधी वजा करून उरलेल्यावर कमिशन घ्या.

काम विकलं गेल्याची खूण म्हणजे लाल टिकली, ती निम्मी रक्कम हातात आल्यावरच. "घेतो म्हणून सांगा" या तोंडी शब्दावर टिकली लावली की खरा घेणारा येऊन परत जातो. सवलत जास्तीत जास्त १० टक्के आणि तीही गॅलरीच्या वाट्यातून. बिल कलाकाराच्या नावाने निघावं आणि गॅलरीने फक्त कमिशनची पावती द्यावी, म्हणजे पूर्ण विक्री गॅलरीच्या उलाढालीत धरली जात नाही. जीएसटीचं तुमच्या बाबतीत काय, ते पहिल्या विक्रीआधी सीएला विचारा. कलाकाराचे पैसे प्रदर्शन संपल्यापासून ३० दिवसांत. गॅलरीचं नाव याच एका गोष्टीवर टिकतं किंवा जातं. भाडं थकलं तरी चालेल, कलाकाराचे पैसे थकता कामा नयेत.

चित्रं किती उंचीवर टांगायची?

चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटीमीटरवर. खिळ्याची उंची काढायला १५० मध्ये चित्राची निम्मी उंची मिळवा आणि मागची तार ताणून धरल्यावर ती फ्रेमच्या वरच्या काठापासून जितकी खाली असेल तितकं वजा करा. ९० सेंटीमीटर उंचीचं चित्र, तार ८ सेंटीमीटर खाली: १५० अधिक ४५ वजा ८, म्हणजे १८७. तार हाताने सैल धरून मोजली तर हमखास चुकतं. बोटाने वर ओढून, वजन पडल्यासारखी ताणून मोजा.

अंतरासाठी: भिंत ६०० सेंटीमीटर, ७५ रुंदीची चार चित्रं म्हणजे ३००. उरलेले ३०० पाच मोकळ्या जागांत वाटले की प्रत्येकी ६०. भोक पाडण्याआधी सगळी चित्रं भिंतीखाली जमिनीवर टेकवून एक रात्र राहू द्या. सकाळी दोन तरी जागा बदलाव्याशा वाटतात.

एका चित्राला दोन स्क्रू. एकाच खिळ्यावर टांगलेलं चित्र दार आपटलं की तिरकं होतं. पाणसळ फ्रेमच्या वरच्या काठावर ठेवून बघा, छताच्या रेषेशी जुळवू नका. जुन्या घरांत छतच तिरकं असतं.

लाइट कोणते?

३००० केल्विनचे (उबदार, पिवळसर उजेडाचे) एलईडी स्पॉट, पट्टीवर सरकणारे, रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक म्हणजे सीआरआय ९० किंवा जास्त. खोक्यावर तो आकडा छापलेला नसेल तर घेऊ नका. स्वस्त लाइटखाली तांबडा रंग मातकट दिसतो. स्पॉट उभ्या रेषेपासून ३० अंशांत भिंतीकडे वळवा. काचेच्या फ्रेमवर बघणाऱ्याची सावली किंवा चमक येत असेल तर शेजारच्या चित्राचा स्पॉट आडवा वापरून पाहा. कागद, जलरंग, फोटो यांच्यावर साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), तैलरंग आणि ॲक्रिलिकवर २०० पर्यंत. मोबाइलमधलं लक्स मोजणारं ॲप अगदी अचूक नसतं, पण दोन चित्रांवरचा फरक दाखवायला पुरतं.

उन्हाळ्यात कूलर लावला तर चालतो का?

नागपुरात गॅलरी चालवायची तर या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्यावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठक्क असते. लाकडी चौकट आकसते, कोपरे उघडतात, कॅनव्हास नगाऱ्यासारखा ताणतो. त्यात कूलर लावला की खसमधून ओली हवा थेट खोलीत येते. संध्याकाळी साडेतीन तास ओल, मग रात्रभर कोरडं. ही रोजची खालीवर कागदाला सगळ्यात जास्त मारक आहे. माउंटच्या (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीच्या) आत कागद लाटेसारखा उठतो आणि परत सपाट होत नाही.

कूलर लावायचाच असेल तर त्याचं तोंड कुठल्याही भिंतीकडे नको, खोलीच्या मधल्या वाटेकडे ठेवा. समोरच्या बाजूचा एक्झॉस्ट फॅन पूर्ण वेळ चालू ठेवा, नाहीतर ओल खोलीतच साचते. बंद करण्याआधी अर्धा तास पंप बंद करून नुसता पंखा चालवा. दोन-चारशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा मीटर कूलरपासून लांबच्या भिंतीवर लावा आणि रोज उघडताना-बंद करताना वहीत आकडा लिहा. आदर्श ४५ ते ५५ टक्के. तो रोज गाठणं आपल्याकडे शक्य नाही, पण एका दिवसात आकडा १५ ने हलत असेल तर कूलर कमी करा. लोखंडी कूलरला अर्थिंग आणि बोर्डावर आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असलीच पाहिजे. दरवर्षी उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात.

कागदावरच्या कामांचं प्रदर्शन एप्रिल-मेमध्ये ठेवूच नका, हा सगळ्यात सोपा उपाय. आणि नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे नऊ दिवस गॅलरी बंद ठेवून रंगरंगोटी करून घ्या. पुट्टी, प्रायमर त्या दिवसांत झटपट वाळतात.

मग पावसाळ्यात?

उलटी तऱ्हा. कॅनव्हास सैल पडतो. सैल दिसला म्हणून मागच्या पाचरी ठोकून ताणू नका, ऑक्टोबर उलटल्यावर तोच कॅनव्हास कोपऱ्यात फाटेल. जलरंगाचा कागद काचेला टेकलेला असेल तर चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. मध्ये माउंटची दोन मिलिमीटर जाडी हवीच. फ्रेमच्या मागे एमडीएफऐवजी (लाकडाच्या भुश्याच्या बोर्डाऐवजी) सनपॅक म्हणजे पोकळ प्लास्टिकची शीट लावून घ्या, ओल धरत नाही आणि वाळवीही खात नाही. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराची टिकली लावली की भिंत आणि फ्रेमच्या मध्ये हवा फिरते.

पॅकिंगमध्ये काय चुकतं?

बबल रॅप. ॲक्रिलिक रंगाचा थर म्हणजे प्लास्टिकच, आणि उष्णतेने तो मऊ होतो. एप्रिलच्या दुपारी बंद टेम्पोत दोन तास राहिलेलं चित्र उघडलं की निळ्या सपाट आकाशावर ओळीने गोल गोल ठसे उमटलेले दिसतात, बोटाने चाचपले तरी लागतात. ते जात नाहीत. म्हणून चित्राच्या अंगाला आधी सिलिकॉनचा थर असलेला बेकिंगचा कागद, मग पुठ्ठा, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. साधा बटर पेपरही गरमीत चिकटू शकतो. वाहतूक सकाळी ९ च्या आत उरका.

काचेवर कागदी चिकटपट्टीची फुली मारा, म्हणजे फुटली तर तुकडे चित्रावर पडत नाहीत. कॅनव्हास गुंडाळायचाच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, किमान सहा इंच व्यासाच्या नळीवर. आत ठेवून गुंडाळला तर रंगाला सुरकुत्या पडून तडे जातात. ताजा जाड तैलरंग वरून वाळलेला वाटतो, आतून कित्येक महिने ओला असतो. तो गुंडाळू नकाच. छोट्या हत्तीत चित्रं उभी, समोरासमोर, मध्ये पुठ्ठा घालून बांधा. आडवी एकावर एक कधीच नाही.

उद्घाटनाला काय काय लागतं?

कमी लागतं. दीपप्रज्वलन, पाच पाहुणे आणि तासभर भाषणं झाली की कलाकाराशी बोलायला आलेली माणसं चपला शोधू लागतात. दहा मिनिटांत एकाने ओळख करून द्यावी, मग कलाकाराने लोकांना घेऊन चित्रांपुढून फिरावं. खाणं बाहेरच्या ओसरीत. तर्रीपोहे आणि सांबारवडी नागपूरकराला हव्यातच, पण तेलकट बोट न रंगवलेल्या कॅनव्हासच्या कडेला लागलं की तो डाग राहतो. आत शिरायच्या जागी कागदी रुमाल आणि कचऱ्याचा डबा ठेवा. समईची ज्योत चित्रांपासून किमान सहा फूट.

वर्षाचं वेळापत्रक कसं आखावं?

तीन आठवडे प्रदर्शन, एक आठवडा बदलाबदल. मेचा दुसरा पंधरवडा आणि जून सोडला तर वर्षाला नऊ प्रदर्शनं आरामात होतात. दिवाळीचा आठवडा मोकळा ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते, तेव्हा महाल-इतवारीत गाडी आणू नका, त्या आठवड्यात चढ-उतार ठेवू नका. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्चांमुळे अडतात, पण शहरात बाहेरची माणसंही खूप असतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन जातात. वाचणारी, विचार करणारी ही माणसं आहेत. त्या दिवसांत गॅलरी सुट्टीवर ठेवू नका, सकाळीच उघडा, दाराशी पिण्याचं पाणी ठेवा.

लोक आत येतच नाहीत. काय करावं?

काचेचं दार, आत पांढरा उजेड, शांतता. रस्त्यावरच्या माणसाला ते महागडं दुकान वाटतं. तो दारापाशी थबकतो, आत डोकावतो आणि निघून जातो. दार उघडं ठेवा आणि दाराशी मोठ्या अक्षरांत पाटी लावा: "आत या. तिकीट नाही. घ्यायलाच पाहिजे असं नाही." भिंतीवरचा मजकूर मराठी आणि हिंदीत, १२० शब्दांच्या आत, किमान १८ पॉइंटात. "अवकाश", "आकृतिबंध" असे शब्द टाळून काम कशाचं, कसं केलं ते लिहा. पाळीवरच्या स्वयंसेवकाने "कसं वाटलं?" विचारू नये, समोरचा "छान" म्हणून सुटतो. "यातलं कोणतं घरी लावाल आणि कोणतं मुळीच नाही?" असं विचारा. मग माणूस परत वळून बघतो.

चित्र विकलं की त्याचे हक्कही जातात का?

नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखी करार करून दिल्याशिवाय कॉपीराइट कलाकाराकडेच राहतो. घेणाऱ्याला चित्र मिळतं, त्याची कॅलेंडरं छापायचा हक्क मिळत नाही. गॅलरीलाही पोस्टकार्डासाठी वेगळी लेखी परवानगी लागते. कलम ५७ प्रमाणे कामाची मोडतोड झाली तर चित्र विकल्यानंतरही कलाकार दाद मागू शकतो. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल अमरनाथ सहगल यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली दिलेला निकाल याच कलमावर आहे.

एखाद्या कामावर कुणी आक्षेप घेतला तर?

पाळीवरच्या स्वयंसेवकाने वाद घालू नये आणि काम उतरवूही नये. म्हणणं वहीत लिहून घ्यावं, समितीच्या दोघांना फोन करावा. निर्णय समितीने कलाकाराला विचारून, लेखी घ्यावा. अंगावर येण्याची भाषा झाली तर ११२ ला फोन आणि दार बंद.

गॅलरीत काम खराब झालं तर?

त्याच दिवशी कलाकाराला कळवा, फोटोसह. स्वतः पुसू, चिकटवू नका. उडालेला रंगाचा तुकडा पाकिटात घालून ठेवा. भिंतीपासून भिंतीपर्यंतचा, म्हणजे काम कलाकाराकडून निघाल्यापासून परत पोचेपर्यंतचा विमा काढता आला तर उत्तम, त्यासाठी कामांची किंमतवार यादी आणि आवक नोंदीचे फोटो लागतात. विमा नसेल तर करारातच भरपाईची कमाल रक्कम लिहा: विकल्यावर कलाकाराला जेवढे मिळाले असते तेवढे, म्हणजे किंमत वजा कमिशन.

प्रदर्शन संपलं, पण कलाकार काम न्यायलाच येत नाही.

फार होतं. भाड्याच्या खोलीत चार फुटी कॅनव्हास ठेवायचा कुठे, हा त्याचा खरा प्रश्न असतो. करारात १५ दिवस लिहा, दहाव्या दिवशी फोन करा. तोवर कामं जमिनीपासून सहा इंच उंच फळीवर, उभी, समोरासमोर, वर सुती चादर टाकून ठेवा. प्लास्टिक नको, आत घाम येतो. प्रत्येक कामाच्या मागे पेन्सिलने नाव, फोन आणि आणल्याची तारीख. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब कॅनव्हासच्या पुढच्या बाजूला उमटतो.